केळीच्या सोपटाची गाठ

“बांधलेलं कलम एकवीस दिवस उघडून पाहाचं नाही,” देवमननं बजावलं होतं.

“आणि पाहिलं तर? पाप लागेल?” केशर हसली होती.

“पाप नाही. हवा लागन.”

बी.ए.च्या वर्गातली मुलगी ती. असल्या ताकिदींचं तिला हसूच यायचं.

ओळख झाली ती एस.टी.त. एकसष्ट सालची संक्रांत वरूडच्या मावशीकडे करून केशर अमरावतीला परतत होती. शेजारी एक सावळा, लांब बोटांचा तरुण मांडीवर ओल्या पोत्यात रानगुलाबाचे खुंट घेऊन बसला होता. मोर्शीच्या वळणावर गाडी कलली आणि तिचा पदर काट्यांत अडकला.

“ओढू नका, फाटन,” तो म्हणाला, आणि एकेक काटा सोडवत बसला... अमरावतीपर्यंत.

“माळी आहात?”

“शेंदूरजनाघाटचा आहो. आमच्या घरी संत्र्याचे डोळे बांधतेत, कलमं करतेत. गुलाब म्हणजे आपली गंमत.”

केशरच्या अंगणात एक जुना वासाचा गुलाब होता. त्याला वाळवी लागली होती, आणि तिचे वडील शेषराव यांनी लावलेली एकही फांदी तीन वर्षांत जगली नव्हती. हे तिनं स्टँडवरच सांगून टाकलं. पुढच्या रविवारी देवमन एक खुंट घेऊन दारात उभा.

त्यानं खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर दिली. जुन्या गुलाबाचा हिरवा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीच्या इवल्याशा ढलपीसकट, त्या चिरेत सरकवला.

“येथ बोट ठेवा. दाबू नका.”

तिनं ठेवलं. तो केळीच्या खोडाचं ओलं सोपट गुंडाळत गेला – एक वेढा, दुसरा वेढा...

“माझं बोटही बांधाल.”

“बांधलं तं चालन?”

तिनं बोट काढलं नाही.

“मघाशी डोकावून गेलेल्या सगळ्या मुलींना ताई म्हणालात,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “मलाच नाही.”

देवमननं गाठ मारली. “तुमाले ताई म्हटलं तं पुढं अडचण होईन.”

जाताना फाटकाशी घुटमळला. “एकविसाव्या दिवशी येतो. डोळा धरला असन तं तुमच्या बाबांसंग बोलतो. म्हणजे... तुमची ना नसन तं.”

“डोळ्यालाच विचारा,” ती मान खाली घालून म्हणाली.

केशर थांबली, पण थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. उठल्याबरोबर पाही, कॉलेजातून आल्यावर पाही. नवव्या दिवशी तिला वाटलं – सोपट फार आवळलं तर नाही? आत गुदमरला असेल तर? तिनं गाठ सोडली. डोळा हिरवागार होता. केशरला आनंदानं रडूच आलं. पण सोपट तुटलं होतं, म्हणून तिनं शिवणाच्या निळ्या दोऱ्यानं पुन्हा बांधलं. चार दिवसांत डोळा काळा पडला.

एकविसाव्या दिवशी देवमन आला. इस्त्रीचा सदरा, हातात संत्र्यांची टोपली. आधी खुंटाकडेच गेला. निळ्या दोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

“उघडलं होतं का?”

त्यानं एवढं बजावलं होतं. केशरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही,” ती म्हणाली. “उघडलंच नाही.”

“उघडलंच नाही,” तो हळूच म्हणाला. मग हसला – परक्याशी हसावं तसं. टोपली ओसरीवर ठेवली, शेषरावांशी वाळवीच्या औषधाबद्दल बोलला, चहा घेतला आणि गेला. ज्यासाठी आला होता, त्यातलं एक अक्षर नाही.

खोटं कळलं, म्हणून रागावला, केशरला वाटलं. येईल आठवड्यात. मग चैत्र गेला. एका गुलाबावरून तोंड फिरवणाऱ्याला आपण काय लिहायचं, म्हणून तिनंही लिहिलं नाही. वैशाखात अकोल्याच्या जानराव मास्तरांशी तिचं लग्न झालं. माणूस भला, तक्रार करायलाही जागा नाही.

दोन वर्षांनी, एका दुपारी, आठ महिन्यांची मुलगी झोपलेली. श्वास चालू आहे ना, म्हणून केशर पुन्हा पुन्हा पांघरूण उचलून पाहत होती. शेजारच्या पार्बताबाई, माहेर शेंदूरजनाघाटचं, वाती वळत बसल्या होत्या.

“काहून घडीघडी उघडतं वं पोरीले? आमच्याकडं उघडलं म्हणजे सौदा मोडला.”

“म्हणजे?”

“कलमाचा सौदा. बागवाल्याले नको असन तं तो तोंडावर नाही म्हणत नाही. बांधलेलं सोडते, आपल्या दोऱ्यानं परत बांधते. कलमवाला पुसते, उघडलं का? तो म्हणते, उघडलंच नाही. झालं. समजणारा समजते, चहा पेते, निंगून जाते. कोणाची इज्जत जात नाही.”

केशरचा हात पांघरुणावरच राहिला.

“लग्नाच्या बोलण्यातबी तसंच,” पार्बताबाई सांगत राहिल्या. “आमच्या घरामागचा देवमन असाच परत आला म्हणते, अमरावतीवून. तवापासून कलमाचा चाकू हाती नाही घेतला त्यानं. बगिच्यातल्या झोपडीत एकटाच रायते. औंदा खोकला लय धरला म्हणते. पाहाले कोणी नाही.”

मुलगी जागी झाली. केशरनं तिला उचलून घेतलं, आणि पार्बताबाईंकडे पाठ करून बराच वेळ थोपटत राहिली.

तिला त्याला पत्र लिहिता येत नाही. लग्न झालेल्या बाईनं पाकिटावर कुणाचं नाव घालावं? पार्बताबाईंचे गुडघे गेलेले, त्यांचं माहेरी जाणं सुटलं. तुमचं मात्र कधी संत्र्यांच्या दिवसांत तिकडे जाणं झालं, तर कुणालाही विचारा, देवमनची झोपडी कोणती ते. कुणी पाठवलं, सांगू नका. घोटभर पाणी मागा, थोडं बसा. खोकला उतरला का, चूल पेटते का, एवढं तेवढं पाहून या.