खवल्यांचं छप्पर

अकराचा भोंगा वाजला की सावणेबंदराचा किनारा ओस पडायचा. वाळत घातलेली मासळी तेवढी उन्हात राही, माणसं घरात जात. त्यानंतर कुणी बाहेर दिसलं तर पंचायतीचा माणूस त्याच्यावर खेकसायचा आणि खेकसून झालं की स्वतःच सावली शोधत पळायचा. मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी रसिका चोगले स्टुलावर चढली आणि तिने छपराला आतून हात लावला. पत्रा माठासारखा गार होता. तो बसवून बरेच दिवस झाले होते, तरी रोज एकदा हात लावून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

खाली खाटेवर तिचे वडील, हिराजी, पडून होते. समुद्रावरून वाऱ्याची झुळूक आली आणि छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक खडखडाट होत गेला.

"वाजवले बघ दात तुझ्या पत्र्यानं," हिराजी म्हणाले.

"दात नाय ते, आबा. श्वास घेतो तो."

"आज श्वास घेतो, उद्या जेवाया मागंल."

रसिकाला हसू आलं. आबा टोमणे मारत होते, म्हणजे आबा ठीक होते. गेल्या उन्हाळ्यात याच खाटेवर, जुन्या लोखंडी पत्र्याखाली, त्यांची शुद्ध हरपली होती. ज्यांच्या शब्दावर होडीतलं जाळं पडायचं आणि उचललं जायचं, ते तांडेल हिराजी घरातल्या घरात उन्हाने आडवे झाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी वाचवलं, पण रसिकाला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर हृदय सोसणार नाही. त्यांना गार ठेवा. डॉक्टरांचं सांगून झालं. गार कसं ठेवायचं ते रसिकाने बघायचं होतं, कारण आई गेल्यापासून घरात ती आणि आबा एवढीच माणसं.

पंखा लावावा तर भर दुपारी वीज जायची. राहता राहिलं छप्पर, आणि किनाऱ्यावर छप्पर निवडायचं म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. कौलांचा विषयच नको. मागच्या वादळात एका घरची कौलं दुसऱ्या घरच्या माणसांना लागली होती. स्लॅब घालावा तर खालची वाळू भार पेलत नाही, आणि दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्रभर अंगावर ओकत बसतो. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत चाळणी होतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण पातळ घेतला तर वादळात पत्रावळीसारखा उडतो, आणि जाड घेऊन जागोजाग स्क्रूने आवळला तर उडत नाही, फक्त त्याच्याखाली माणूस भाजून निघतो. दुकानदार प्रत्येक पत्र्याची एकेक बाजू सांगत, दुसरी बाजू गिऱ्हाइकाने घरी जाऊन शोधायची.

मग शाळेच्या मैदानावर डॉ. नाझनीन परकार आल्या. पलीकडच्या खाडीकाठच्याच, धातूंवर संशोधन करणाऱ्या. त्यांनी आणलेला पत्रा अखंड नव्हताच. तळहाताएवढे धातूचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवले होते. वरच्या लेपामुळे उन्हाची उष्णता परत आकाशात फेकली जात होती, त्यामुळे पत्रा तापत नव्हता. ते ऐकूनच रसिकाचा जीव निम्मा भांड्यात पडला. पण परकार मॅडमना बोलायचं होतं ते वाऱ्याबद्दल.

वादळ छप्पर ढकलत नाही, त्या म्हणाल्या, वादळ छप्पर ओढतं. वरून सुसाट जाणारा वारा छपराला वर खेचतो आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून घुसलेला वारा आतून रेटतो. दोघांच्या मध्ये सापडलेलं छप्पर कितीही आवळा, कधी ना कधी सुटतं. म्हणून यातलं प्रत्येक खवलं स्मृतिधातूच्या पट्टीवर बसवलेलं होतं. स्मृतिधातू म्हणजे कसाही वाकवला तरी आपला मूळ आकार आठवून परत येणारा. आतला दाब वाढला की खवलं क्षणभर उघडतं, हवा बाहेर सोडतं आणि मिटतं. मोटार नाही, वीज नाही. घरात थोडं पाणी येईल, पण छप्पर जागेवर राहील.

मग त्यांनी काचेच्या खोक्यात दोन इवलीशी घरं ठेवली आणि पंखा सुरू केला. पहिल्याची खवली फडफडत राहिली. दुसऱ्याची खवली त्यांनी मुद्दाम चिकटवून टाकली होती. ते छप्पर भिंतींसकट उचललं गेलं आणि खोक्याच्या काचेवर आपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रसिकाने विचारलं की खऱ्या वादळात हे टिकल्याचं कुणी पाहिलंय का. परकार मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या खोक्यातला वारा शेवटी पंख्याचा आहे. मोठ्या वादळाची परीक्षा मोठं वादळच घेईल."

रसिकाने तरीही तोच पत्रा घेतला. गावात तो घेणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चोगल्यांचं घर लांबूनही चकाकणाऱ्या सुरमईसारखं ओळखू यायचं. पत्रा बसवणाऱ्यांनी एकच गोष्ट बजावली: वर काही ठेवायचं नाही. दगड नाही, टायर नाही, वाळूची पोती नाहीत. रसिकाने ते आबांना सांगितलं, शेजारच्या भिवाकाकांना सांगितलं, वाडीत ज्याने त्याने विचारलं त्याला सांगितलं.

त्या छपराने एक गोष्ट मात्र हिरावून घेतली होती, आणि ती रसिकाच्या ध्यानातही आली नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर सगळी वाडी एकेका घराच्या शाकारणीला जाते. छप्पर झाडायचं, फुटकं बदलायचं, सैल असेल ते आवळायचं. मजुरी कुणी घेत नाही, काम झालं की घरधनी भात आणि माशाचं कालवण वाढतो. हिराजी आयुष्यभर लोकांच्या छपरांवर चढले होते. यंदा त्यांच्या घरी कुणाला काही कामच उरलं नव्हतं, आणि हे वाडीलाही खुपत होतं, हिराजींनाही. त्यात तो खडखडाट. जन्मभर जे वाजेल ते बांधून टाकलेल्या माणसाला वाजणाऱ्या छपराखाली झोप कशी लागावी?

महिना संपता संपता वादळाची वर्दी आली. त्याला कुणीतरी कुठल्याशा फुलाचं नाव दिलं होतं. रसिका गावची आपदासखी होती. वादळात माणसं निवारा केंद्रात आणून बसवायची जबाबदारी तिची. केंद्र म्हणजे टेकाडावरची सिमेंटची खोली. भिंती भक्कम, खिडक्या नावाला, आणि अख्खा गाव आत कोंबल्यावर भट्टी. आबांना तिथे नेलं तर वादळाआधी उष्माच त्यांचा घास घेईल, असं तिला वाटलं. घरात गार छप्पर होतं, न उडणारं छप्पर होतं. तिने ठरवलं की आबांनी घरीच राहायचं. होडीवरचा जुना वायरलेस सेट त्यांच्या खाटेशी ठेवला, जोडीचा आपल्याजवळ घेतला आणि आदल्या दिवशीच ती केंद्रावर गेली. निघताना तिचा पाय अडखळला, पण तिला स्वतःच्या निवडीचा अभिमानही वाटत होता, हे खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला तेव्हा केंद्राचं लोखंडी दार लावून घेतलं होतं. आत लोक एकमेकांना पदराने, पुठ्ठ्याने वारा घालत होते. भिवाकाका रसिकाशेजारी येऊन टेकले आणि तिची चर्या बघून म्हणाले, "घोर नको करू, बाय. तुझ्या पत्र्याचा बंदोबस्त केलाय आमी."

"कसला बंदोबस्त?"

"जाळं मारलंय वरून. काल तू हिकडं आल्यावर अख्खी वाडी आली होती. दोर माडांना बांधले, आन् सगळ्यांना आवळून धरणारा मूळदोर पडवीतल्या खांबाला. हिराजीनं खाली बसून एकेक गाठ सांगितली."

रसिकाला क्षणभर काही समजेना. मग ती भिवाकाकांकडे वळली.

"काका, वर काय ठेवायचं नाय म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"ठेवलं कुठं? दगुड नाय, टायर नाय. नुसतं जाळं. जाळ्याला काय वजन असतं?"

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर केलेल्या कामाचं समाधान होतं. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती. मागच्या वादळात जे बांधलं नव्हतं ते सगळं गेलं होतं, म्हणून यावेळी त्यांनी मायेने, फुकट, उपाशीपोटी ताक फुंकलं होतं. त्यांच्यावर ओरडावं कसं? रसिकाच्या डोळ्यांसमोर काचेचं खोकं आलं आणि त्यात भिंतींसकट उचललं गेलेलं ते दुसरं घर.

ती दाराकडे धावली. अडसर काढला, दार वीतभर उघडलं आणि वाऱ्याने ते तिच्या हातून हिसकून घेतलं. बाहेर काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा गोंगाट. समोरून एका होडीचं फळकूट उडत गेलं. माणसांनी मिळून दार ढकलून पुन्हा लावलं, आणि भिवाकाकांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. घर टेकाडाच्या पायथ्याशी होतं, हाकेच्या अंतरावर. तेवढं अंतरही आता कुणाला तुडवता येणार नव्हतं.

तिने सेट उचलला. त्या जुन्या सेटवर बटण दाबून बोलायचं आणि बटण सोडून ऐकायचं. दोन्ही एकदम होत नसे.

"आबा, ऐकू येतं काय?"

बटण सोडल्यावर खरखरीतून आवाज आला, अगदी निवांत. "येतं गो. आज तुझा पत्रा शहाण्यासारखा गप हाय. एक खवलं वाजत नाय."

रसिकाने डोळे मिटले. एवढ्या वाऱ्यात ते छप्पर बोंबलायला हवं होतं. खवली जाळ्याखाली दबून बसली होती आणि आतली हवा कोंडत चालली होती. तिने विचारलं, भिंतीशी काही हलतंय का. हिराजी म्हणाले की वरचा वासा कण्हतो आहे, आणि कानात दडे बसलेत, खोल पाण्यात बुडी मारल्यासारखे. कोंडलेली हवा जावी म्हणून तिने मागचं दार उघडायला सांगितलं. ते उघडत नव्हतं. बाहेरून काहीतरी आडवं पडलं होतं.

"आबा, पडवीत जा. कोयता घ्या आणि मूळदोर तोडा. जाळं जाऊ दे."

तिने बटण सोडलं. मग हिराजी बोलले तेव्हा आवाजात चेष्टा नव्हती.

"रसिका, होडी हातची गेली की मगच तांडेल जाळं तोडतो. आपली गेली काय?"

केंद्रातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. तिला काय माहीत होतं? खोक्यातलं एक बाहुलीएवढं घर आणि एका प्रामाणिक बाईचं 'नाही'. कदाचित जाळ्यानेच छप्पर अजून धरून ठेवलं असेल. कदाचित जन्मभर वाऱ्यात वावरलेल्या आबांना आणि त्या सगळ्या हातांनाच खरं कळत असेल, आणि दोर सुटताच सगळं एका झटक्यात जाईल. दोर ठेवा म्हणावं तरी तीच जबाबदार, तोडा म्हणावं तरी तीच. आणि पलीकडे एकटा म्हातारा माणूस हातात कोयता घेऊन तिच्या शब्दाची वाट बघत होता. इतकी असहाय ती आईच्या शेवटच्या दिवशीही झाली नव्हती.

तिने बटण दाबलं.

"गेली, आबा. तोडा."

आणि तिने बटण सोडलं नाही. ती बोलत राहिली. दोर तुटला की न्हाणीघरात जा, तिथं वर टाकीपुरता स्लॅब हाय, पाण्याचा तांब्या सोबत घ्या, डोकं खाली ठेवा, मी येतेच, वारा पडला की येतेच. सांगण्यासारखं सगळं सांगून संपलं, तरी तिचा अंगठा बटणावरून हलेना. बटण दाबलेलं होतं तोवर पलीकडे काहीच घडत नव्हतं.

"बाय, सोड आता," भिवाकाका हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. आपल्या जाळ्याने काय झालं असावं हे आता त्यांनाही उमगलं होतं. "तो बोलत असंल. सोड बटण."

बाहेर वारा छताच्या सिमेंटला दळत होता. रसिकाने अंगठ्याकडे पाहिलं. तो उचलला की काहीतरी ऐकू येणार होतं. खवल्यांचा खडखडाट, आबांचा आवाज, की नुसती खरखर? आणि जे ऐकू येईल ते तिने निवडलेलं म्हणायचं, की तिच्यावर येऊन पडलेलं?