आबांच्या ओट्यापुरतं कीर्तन

फाटकाशी मोटारसायकल लावून एक अनोळखी तरुण डोळे मिटून बसला होता. कानांत इअरफोन, बोटं पेट्रोलच्या टाकीवर ठेका धरून… आणि ठेका तोही पखवाजाचा! भाजी घेऊन आलेली दिपमाला थबकली.

"कुणाकडे आलात?"

तो दचकला. "तोतारामबुवांकडे. म्हणजे… हेच ना त्यांचं घर? एवढा अभंग संपला की हाक मारणार होतो. मध्येच कसं उठायचं?"

"कुणाचं कीर्तन हे?"

"बुवांचंच! नरडाण्यात रोज ऐकतो. म्हटलं, आज पायांवर डोकं ठेवून यावं."

दोन-अडीच तासांवरच्या नरडाण्यात? दिपमालाच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली.

घशाच्या ऑपरेशननंतर बुवांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, आबांचा, गाता आवाज गेला होता. उरली होती नुसती कुजबुज. गावोगावच्या कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी तिनंच संगणकात उतरवल्या आणि घरातल्या घरात एक सर्व्हर उभा केला. आबांची अट एकच. ज्याला ऐकायचं त्यानं जळगावातल्या मेहरूणच्या या ओट्यावर येऊन बसावं. माणसांची तोंडं दिसत नाहीत ते कीर्तन कसलं? म्हणून घरच्या वायफायवर असेल त्याच्याच फोनला ते मिळावं, असं तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी आळीतली माणसं जमत, कुणीतरी आपल्या फोनवरून कीर्तन निवडून स्पीकरवर लावी, आणि आबा एकेकाचा चेहरा न्याहाळत बसत. ओठ हलत. जणू अजून तेच उभे होते कीर्तनाला.

आणि हा म्हणतो, नरडाण्यात!

त्याचं नाव जितेंद्र. मूळचा शिरपूरचा, नरडाण्याच्या एका कारखान्यात संगणकांचं जाळं सांभाळायचा. तिथल्या भजनी मंडळात कुणीतरी या सर्व्हरचा पत्ता पाठवला, तेव्हापासून ऐकत होता. आबांच्या पाया पडून तो संगणकापुढे बसला.

"वायफायला पासवर्ड आहे, छान. पण राउटरमधून बाहेरून यायलाही वाट ठेवलीय तुम्ही."

"ऑफिसातून बघता यावं म्हणून… मला वाटलं, पासवर्ड आहे म्हणजे—"

"तो पुढच्या दाराला. आम्ही मंडळी मागच्या दारानं आलो."

ती ओशाळली. "बंद होईल?"

"होईल की. ती वाट बुजवायची, आणि सर्व्हरलाही बजावायचं, घरच्या वायफायवरून मागेल त्यालाच दे." मग आवाज जरा खाली आला. "फक्त… मला नरडाण्यात काही मिळायचं नाही."

"बोलला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं."

"बुवांचं कीर्तन चोरून ऐकायचं? बरं दिसतं का ते?"

काम झालं. पारखून बघायला तो घरच्या वायफायच्या बाहेर, मेहरूणच्या तलावापर्यंत चालत गेला आणि तिथून त्यानं फोन केला.

"लागतंय का?" तिनं विचारलं.

"नाही… लागत नाही."

एवढंसं होऊन गेलं होतं ते 'नाही'. काय वाटलं कोण जाणे, तिनं आपला फोन अलगद स्पीकरजवळ धरला. आबांनी हे पाहिलं, जवळ येऊन कुजबुजले, "फोनात काय ऐकवते त्याले? बोलव."

तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. थंडी सरली, ओट्यावरची माणसं उन्हातून सावलीकडे सरकली. त्याची जागा खांबाशी, तिची उंबऱ्यात. नजर भेटली की दोघंही आबांकडे बघत.

एका रविवारी मात्र तो जागचा उठला नाही. माणसं उठून गेल्यावर म्हणाला, "नोकरीसाठी सुरतला बोलावलंय. मोठी जागा आहे."

"अरे वा," ती म्हणाली. "मग… आबांना विचारून तुमच्यापुरती एक वाट उघडते. मला जमतं आता. सुरतमध्ये बसून ऐका."

"नको."

"का? कीर्तनाशिवाय राहवेल तुम्हाला?"

तो खांबाकडे बघत बोलला, "मघाशी कोणता अभंग झाला, विचारा बरं मला."

"कोणता?"

"माहीत नाही. मागच्या रविवारचाही नाही सांगता यायचा… दिपमाला, कीर्तनात लक्ष असतं कुठं माझं?"

तिचे कान तापले. "बुवांच्या दारात बसून हे बोलता? लाज वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून तर इतके रविवार गेले."

शेजारच्या बेबाबाई चप्पल शोधत रेंगाळल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "माले बठ्ठं माहीत शे, माय, सगळं! बुवालेबी माहीत शे. तुम्हनंच चालू द्या!"

आबा खुर्चीत मान खाली घालून हसत होते. आवाज नव्हता त्या हसण्याला, पण खांदे हलत होते.

दिपमाला उठली. पदर सावरायला नव्हता, तरी ओढणीचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं.

"सुरतहून गाडी थेट जळगावला येते ना?"

"येते."

"मग नाही उघडत वाट," ती म्हणाली. "तुम्हाला यावंच लागेल."