गाळलेली ओळ

लेक ग्रंथालयात कामाला होती. घरच्या बैठकीत करून दाखवायच्या जादूच्या जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं म्हणून तिनं एका दुपारी म्हाताऱ्या बापाला बोलावून घेतलं. त्या पुस्तकांची कुंडली त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. त्यानंही तसलं एक लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे काय, उतरवलं. या धंद्यात सगळेच उतरवायचे. आधीच्याचं पुस्तक समोर ठेवायचं, नाण्याचे, रुमालाचे, अंगठीचे खेळ जसेच्या तसे घ्यायचे आणि प्रत्येकातली एखादी ओळ मुद्दाम गाळायची. खेळ पुरता जमला तर गिऱ्हाईक पुढचं पुस्तक कशाला घेईल?

लांब टेबलावर जुन्यापासून नव्यापर्यंत पुस्तकं लागली. शेवटचं त्याचं. 'चादरीखालचा माणूस' हा खेळ सगळ्यांत होता. खुर्चीवर माणूस बसवायचा, वर चादर टाकायची. आत तारेचा सांगाडा असतो, त्यामुळे बसलेला मागच्या दारानं सटकला तरी चादर फुगलेलीच राहते. मग ती ओढायची.

हाच खेळ करून बघताना त्याची बायको नाहीशी झाली. लेक तेव्हा सहा वर्षांची. चादर ओढली तर खुर्ची रिकामी. मागच्या दारी पाहिलं, तिथंही कुणी नाही. त्यानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि जगाला सांगून टाकलं, बाई संधी साधून पळाली. तीस वर्षं तो तिच्या नावानं बोटं मोडत आला आणि लेकीच्याही मनात त्यानं तेच भरवलं. त्या दाराला तेव्हा आतून कडी लावलेली होती, हे मात्र तो कुणाला बोलला नाही.

"बाबा," सगळ्यात जुन्या पुस्तकावर बोट ठेवून लेक म्हणाली, "ही ओळ तुमच्यात नाही."

'चादर ओढण्यापूर्वी बसलेल्यास नावाने हाक मारावी. ओ आल्याखेरीज चादर ओढू नये.'

"पाल्हाळ होतं ते. पुस्तक चार फर्म्यांत, चौसष्ट पानांत बसेना, म्हणून गाळलं."

"मग आईला हाक मारली नव्हती तुम्ही?"

"तिला नावानं कशाला... अगं म्हटलं की यायची."

"त्या दिवशी मागच्या दाराला आतून कडी लावलेली होती, बाबा. माझा हात पुरत नव्हता... तुम्हीच काढलीत."

त्यानं आपलं पुस्तक मिटलं.

दोघं त्याच्या घरी आली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. माळ्यावरचा सांगाडा निघाला, त्याच खुर्चीवर बसला. लेकीनं वर चादर टाकली.

"मारा हाक."

"अगं..."

"नावानं, बाबा."

त्याला लाज वाटली, रागही आला. ती पळालेलीच असू दे, असं अगदी मनापासून वाटलं. या वयात खोटं ठरणं त्याला झेपणारं नव्हतं. त्यानं नाव घेतलं.

"ओ..."

ओ चादरीखालून आली. हातातलं काम टाकून ओ द्यावी लागते तशी, वैतागलेली, दमलेली.

लेक रडत पुढं झाली. चादरीला हात घातला आणि थबकली. "त्या जुन्या पुस्तकातही एखादी ओळ गाळलेली असेल ना?"

"असणारच," तो म्हणाला. तिनं हात मागं घेतला.

चादर तशीच राहिली. त्या दोघांत उरलासुरला जिव्हाळाही संपला. लेक रोज संध्याकाळी कामावरून परस्पर यायची, तो हाक मारायचा, ओ ऐकून ती उठून जायची. बापाकडं बघायचीसुद्धा नाही.

काल दोघं चादरीसमोर बसली होती. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"ओ... आले हं," चादरीखालून आवाज आला. कधी नव्हे तो हसरा, दाराबाहेरच्या कुणाला दिल्यासारखा.

"तुम्ही मारलीत हाक?" लेकीनं विचारलं. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती.

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

चादर जरासुद्धा हलली नाही. मागच्या दाराची कडी मात्र कुणीतरी आतून सावकाश काढली.