बरगड्यांखालचा ठोका

माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. म्हणूनच हे सांगायचं धाडस करतोय. घडलंय ते खरं घडलंय, आणि तेही भरदुपारी.

मावशी एका तपासणी केंद्रात लिव्हरचं स्कॅन करते. सुई नाही, कापाकापी नाही. बरगड्यांच्या मधे यंत्राचा प्रोब, म्हणजे हातात धरायचा दांडा, टेकवायचा, बटण दाबायचं. टक्... टिचकी मारावी तसा हलका ठोका आत जातो, आणि लिव्हर किती कडक झालंय त्याचा आकडा पडद्यावर येतो.

त्या दुपारी शेवटचा पेशंट आला. धिप्पाड गडी, कपाळाला आठ्या. सोबत बायको.

"मला काय धाड भरलीय?" शर्ट काढता काढता तो गुरगुरला. "हिच्या कटकटीपायी आलोय."

"माझे दीर लिव्हरनंच गेले," बायको हळूच मावशीला म्हणाली. "यांच्याहून धाकटे. म्हणून जीव घाबरतो."

"त्याचं नाव काढू नकोस!" तो खेकसला.

मावशीनं त्याला उताणं झोपवलं. उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगितला. जेल लावून बटण दाबलं.

टक्.

पडद्यावर काहीच नाही.

पुन्हा दाबलं. तरी काहीच नाही... जणू आत नुसती पोकळी.

जेल कमी पडलं असेल म्हणून तिनं प्रोब उचलला.

टक्...

आता बटणाला कुणाचाच हात नव्हता.

टक्... टक्...

आवाज त्याच्या बरगड्यांखालून येत होता. प्रत्येक ठोक्यासरशी कातडी आतून वर उचलली जात होती. कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखी.

त्याचे डोळे मिटलेले. ओठ हलले. आवाज मात्र त्याचा नव्हता... पोरसवदा, घसा बसलेला.

"वहिनी..."

बायकोच्या हातातली पर्स खाली पडली.

तिचा नवरा तिला वहिनी म्हणत होता.

"वहिनी, दादाकडे लिव्हरचा तुकडा मागितला होता मी. फक्त एक तुकडा. नाही दिला त्यानं. आता अख्खा दादाच घेतो."

मग सगळं थांबलं.

तो डोळे चोळत उठून बसला. "झालं का? किती वेळ लावता!"

त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मावशीनं बायकोला बाहेर नेलं, दार ओढून घेतलं. बायकोनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"हे द्यायला तयार होते हो," ती कुजबुजली. "मीच अडवलं. लेकरं लहान होती आमची... भाऊजींना शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

बाहेर चिटपाखरू नव्हतं. आत तो एकटाच शर्ट घालत होता.

बंद दाराआडून तोच घसा बसलेला आवाज आला. अगदी शांत.

"असं होय, वहिनी..."

दार उघडलं. तो हसत बाहेर आला. आल्यापासून पहिल्यांदाच. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला. घरी जाऊ या."

बायको चालू लागली. वळणावर तिनं एकदा मागे पाहिलं... ती नजर मावशी अजून विसरलेली नाही.

यंत्र तपासून घेतलं. ठणठणीत निघालं. ती दोघं पुन्हा कधी केंद्रात आली नाहीत.

त्यांचा नंबर आहे. मावशी अधूनमधून लावते. दर वेळी तोच उचलतो, त्याच घसा बसलेल्या आवाजात.

"वहिनींना द्या," असं ती अजून एकदाही म्हणू शकलेली नाही.