अर्धी ओढलेली चादर

सकाळी ताई आली की ओला कोट दारामागे अडकवायची, बूट काढायची आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून खोलीच्या मधोमध उभी राहायची. पहिल्या दिवशी रंगाऱ्याने विचारलं होतं, कुणी बेड्या घातल्यात का? ती म्हणाली, "मीच घातल्यात, काका. हात मोकळे राहिले की मदतीला धावतात. आणि मी मदत केली की तुम्ही शिकायचे थांबता."

तिचं कामच तसलं होतं. शिडीवरून पडून रंगाऱ्याचा उजवा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि इस्पितळाने घरी सोडताना ही बाई काही आठवड्यांपुरती लावून दिली. तिने चहा करायचा नाही, अंघोळ घालायची नाही, पायात मोजे चढवायचे नाहीत. माणूस ते पुन्हा आपलं आपण कसं करतो, एवढंच बघायचं, अडला तर युक्ती सांगायची. जमलं की ती पुढच्या घरी. नाही जमलं तर लेक येणार होती. लेकीने फोनवर साफ सांगितलं होतं की ताई हो म्हणाल्या तरच बाबा तिथे राहतील, नाहीतर घराला कुलूप आणि बाबा माझ्याकडे. रंगाऱ्याचा लेकीवर जीव होता. पण पहिल्या मजल्यावरच्या ह्याच दोन खोल्यांत त्याची बायको गेली होती, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. भिंतींचा रंग तिने निवडलेला, ह्याने दिलेला. त्या भिंती सोडायची त्याची तयारी नव्हती.

सुरुवात कपाने झाली. रंगाऱ्याने चहा पिऊन तो तसाच टेबलावर ठेवला होता. वॉकर धरून तो कपडे बदलून येईतो कप विसळून ओट्यावर उपडा. ताई खूश झाली. "बघा, न सांगता धुतलात." रंगाऱ्याला वाटलं तिनेच धुतला असेल आणि आता आपल्याला चढवतेय. मग वाटलं, गोळ्यांच्या गुंगीत आपणच धुतला असेल. शाबासकी कुणाला नको असते? त्याने ती खिशात घातली.

मग चादर. तो तोंड धुऊन आला तर उशीपासून पायथ्यापर्यंत चादरीचा उजवा अर्धा भाग ताणून सरळ केलेला आणि डावा तसाच चोळामोळा. ताई दारातच हसली. म्हणाली, अर्ध्या भिंतीला हात मारून जेवायला गेलात वाटतं. रंगारीही हसला, पण त्या दिवशी तो त्या चादरीवर बसला नाही. खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिला.

फडक्याच्या दिवशी मात्र ताई हसली नाही. मोरीतल्या नळाला ओलं फडकं गुंडाळून पीळ दिलेलं होतं, त्यातून अजून थेंब गळत होते. तिने वाकून ते नीट पाहिलं.

"काका, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"का? चुकलं?"

"चुकलं नाही. पण असं एका हाताने पिळतात. लकवा झालेली माणसं. तुमचे तर दोन्ही हात धड आहेत."

रंगाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. बायको शेवटची दोन वर्षं खाटेवर होती. डावी बाजू पूर्ण गेलेली. तेव्हा ह्या घरात कुणी हात बांधून उभं राहायला आलं नव्हतं. तिचं सगळं रंगारीच करायचा, केस विंचरण्यापासून घास भरवण्यापर्यंत. ती म्हणायची, "राणी तर केलंस मला, आता एखादं राज्यही बघ." आणि दिवसभर तिची एकच चौकशी, खाली रस्त्यावर काय चाललंय. तो खिडकीतून बघून सांगायचा, कुठलं दुकान उघडलं, कोण कुणाशी भांडलं. त्यात थोडं पदरचंही घालायचा.

ताई गेल्यावर तो नळापाशी गेला. फडकं सोडवायचा त्याला धीर झाला नाही. नुसतं बोट लावून पाहिलं. मग खोलीकडे तोंड करून म्हणाला, "अगं, पीळ जरा कमी पडलाय."

दुसऱ्या दिवशी फडकं कोरडं ठणठणीत होतं.

तिथून पुढे रंगाऱ्याच्या अंगात वारं शिरलं. ताई यायच्या आधीच तो दाढी करून, शर्ट घालून तयार बसायचा आणि ती दारात दिसली की प्रश्न सुरू. एक बाजू गेलेल्या माणसाने बाही कशी चढवायची? बटण कसं लावायचं? खुर्चीतून उठताना वजन कुठे टाकायचं? ताईला वाटलं, म्हातारबुवांना विषयाची गोडी लागली. ती खुर्चीत बसून स्वतःचा डावा हात लुळा टाकून दाखवायची: लुळा हात आधी बाहीत, धडका नंतर. काढताना उलट. रंगारी मुद्दाम म्हणायचा, जरा मोठ्याने सांगा, आणि मान वळवून पाठीमागच्या रिकाम्या खाटेकडे बघायचा.

कपाटातला बायकोचा निळा स्वेटर दुसऱ्या सकाळी खुर्चीवर होता. बटणं लावलेली, पण एक घर चुकून. तिसऱ्या सकाळी सगळी बरोबर. रंगाऱ्याने टाळी वाजवली. मग तो स्वेटर कपाटात गेलाच नाही, खाटेशेजारच्या खुंटीवर राहू लागला. आणि एका सकाळी चहा गाळताना त्याला आतल्या खोलीतून चाल ऐकू आली. एक पाऊल टेकलेलं, दुसरं फरफटत आलेलं. जरा थांबणं. पुन्हा टेकलेलं, पुन्हा फरफटलेलं. गाळणीतला चहा ओट्यावर सांडला तरी तो वळला नाही. शिकणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये, हे ताईकडून तो शिकला होता.

आता त्याला एकच हवं होतं. ताईचे दिवस संपायच्या आत बायको धड उभी राहावी, लेकीने घराला कुलूप लावू नये आणि दोघांनी पूर्वीसारखं इथेच राहावं. ह्या नादात त्याचे स्वतःचे व्यायाम मागे पडले. ताईने त्याला फैलावर घेतलं. घर एवढं टापटीप, आणि पाय अजून आठवड्यापूर्वी होता तिथेच, हे कसं? असंच राहिलं तर लेकीला नाही म्हणून सांगावं लागेल. रंगाऱ्याचं धाबं दणाणलं. तो झपाटल्यासारखा व्यायामाच्या मागे लागला. पाय उचल, धर, सोड. प्रत्येक हालचाल मोठ्याने बोलायचा, म्हणजे एका कामात दोघांचं व्हायचं. कुणाशी बोलता, असं ताईने विचारलं तर म्हणाला, पायाशी. ऐकत नाही मेला. वॉकर गेला, काठी आली.

एकदा चहा पिता पिता ताई म्हणाली, "राग मानू नका काका. मी घरात शिरते, वस्तू बघते, आणि माणूस कुठवर आलाय ते मला कळतं. तुमच्याकडे आले की वाटतं, मी भलत्याच पेशंटकडे आलेय."

"मग? तो पेशंट कुठवर आलाय?"

ताईने खुंटीवरच्या स्वेटरकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. "खूप पुढे," ती म्हणाली. "तुमच्या पुढे."

त्या दिवशी ती चहा अर्धा टाकून गेली. रंगारी मात्र हरखून गेला होता.

शेवटी राहिला जिना. तो एकट्याने उतरून, रस्त्याला पाय लावून परत चढता आला की ताई लेकीला हो सांगणार होती. रंगाऱ्याने आदल्या दिवशी विचारून घेतलं, लकवा झालेला माणूस जिना कसा उतरतो. उतरताना लुळा पाय आधी, चढताना धडका आधी, ताई म्हणाली. धडक्या हाताने कठडा धरायचा. लुळ्या बाजूला कुणीतरी हवं. तो मनात म्हणाला, आहे की. रोज संध्याकाळी दोघांनी खाली जायचं. आता रस्ता तिचा तिला बघू दे.

सकाळी ढग होते, थंडी होती. ताई खाली जाऊन उभी राहिली. रंगारी वरच्या पायरीवर आला. कठडा उजवीकडे, काठी डाव्या हातात.

त्याने उजवा हात कठड्याला लावला नाही. कोपरात वाकवून धरला.

क्षणभर काही नाही. मग त्या हातावर वजन आलं.

हलकं नव्हतं. दोन वर्षं उचललेलं वजन होतं ते, त्याला गुंजभरही चूक झाली नसती.

"लुळा आधी," तो पुटपुटला.

एक पायरी. जरा थांबणं. दुसरी.

"काका," खालून ताई म्हणाली, "कठड्यापासून एवढे लांब का?"

त्याचं तोंड हसून हसून दुखत होतं.

"मधे एका माणसाची जागा सोडलीत."

"राहू दे," रंगारी म्हणाला.

शेवटची पायरी. दार उघडं होतं, बाहेर रस्ता. त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि हातावरचं वजन गेलं.

घसरलं नाही, पडलं नाही. कुणी सावकाश हात काढून घ्यावा तसं गेलं.

ताई म्हणाली, आता वर. तो चढला. पाय एवढा हलका कधीच पडला नव्हता. ताई वर येऊन म्हणाली की तुम्हाला आता कुणाचीच गरज नाही. तिने लेकीला फोन लावून हो सांगितलं, कोट घातला आणि ती गेली.

रंगाऱ्याने दोन कप काढले.

"अगं," त्याने हाक मारली.

आतून चाल आली नाही. तो आत गेला. खुंटीवर स्वेटर नव्हता.

तो खिडकीशी गेला.

ताई समोरच्या फुटपाथवरून चालली होती. ज्या बाईला त्याने आजवर धावतच जाताना पाहिलं होतं, ती एक पाऊल टाकत होती, थांबत होती, पुन्हा एक टाकत होती. उजवा कोपर अंगापासून सुटा धरलेला. त्याने काचेवर टकटक करायला बोट उचललं आणि तसंच धरलं.

कोपऱ्यावर एक गाडी आली. ताईने समोरून नजर न काढता उजवा हात आडवा धरला, शेजारच्या माणसाला थांबवावं तसा, आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत खाली घेतला नाही.