एकतिसाव्या वळणावरची पक्कड

भुतं रात्रीच येतात असं कोणी सांगितलं तुम्हाला?

दुपारचे साडेतीन वाजले होते. मंगळवार. ऑगस्ट महिना, म्हणजे आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, ऐन बर्फाचे दिवस. मी सांगतेय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर चालू लागा. मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही.

मी नोल्फा. फारेयोनेसच्या घाटात, बर्फात घसरू नयेत म्हणून, गाड्यांच्या चाकांना साखळ्या लावते.

चाळीस वळणांचा रस्ता आहे. प्रत्येक वळणाला नंबराची पाटी. सगळ्यात वर, चाळिसाव्या वळणावर, माझी पिकअप उभी असते. शहरातली माणसं सकाळी कोरड्या रस्त्याने वर येतात. दुपारी बर्फ पडायला लागला की त्यांची तंतरते. साखळ्यांशिवाय पोलीस खाली सोडत नाहीत. मग आम्ही बर्फात गुडघे टेकून त्यांच्या चाकांना साखळ्या बांधायच्या, आणि ते आत हीटर लावून बसणार.

हे काम मला माझ्या भावाने शिकवलं. क्लेतोने.

क्लेतोचं काम म्हणजे काम. साखळी बसली की उरलेलं टोक तो लाल वायरने आवळायचा. मग गाडीच्या टपावर तळहाताने दोनदा मारायचा. धप, धप. आणि म्हणायचा, “जा, बिनधास्त.”

त्या मंगळवारच्या सहा वर्षं आधी एकतिसाव्या वळणावर तो खाली वाकून कुणाच्या तरी गाडीची सैल साखळी घट्ट करत होता. वरून एक भलीमोठी जीप आली. साखळ्या नव्हत्या तिला. “माझ्या गाडीची चारी चाकं ओढतात, मला नको तुमचे खुळखुळे,” असं तिचा मालक अर्ध्या तासापूर्वी क्लेतोलाच ऐकवून, पोलिसांची नजर चुकवून निघाला होता. काचेआडूनच बोलला. समोरच्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही.

जीप घसरली. क्लेतोला मान वर करायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्या मालकाचं नाव बाल्तासार. कोर्टात मी तीन दिवस त्याच्यासमोर बसले. त्याने एकदाही डोळे वर केले नाहीत. शेवटी काय झालं? दोन-तीन वर्षं लायसन्स काढून घेतलं, तुरुंगाऐवजी दर महिन्याला येऊन सही करायला सांगितली. बस्स! माझा भाऊ मातीत आणि हा सही करून घरी जेवायला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

शवपेटीत मी क्लेतोच्या हाताशी त्याची पक्कड ठेवली. निळी पट्टी गुंडाळलेल्या मुठीची. माझ्या स्वतःच्या हाताने ठेवली. हे लक्षात ठेवा.

त्या वळणावर आम्ही त्याची अनिमिता उभारली. पत्र्याचं टीचभर घर, वर त्याच्या नावाची पाटी, आत मेणबत्ती. रस्त्यावर मेलेल्याचा आत्मा तिथेच राहतो, म्हणून येणारा-जाणारा तिथे दोनदा हॉर्न देतो. दरीतून तो आवाज वर माझ्यापर्यंत येतो. दिवसातून शंभरदा येतो. शंभरदा मला भाऊ आठवतो.

सहा वर्षं मी त्याची वाट पाहिली. स्वप्नातही आला नाही मेला.

तर त्या मंगळवारी एक छोटी निळी गाडी माझ्यासमोर थांबली. काच चार बोटं खाली आली.

“साखळ्या लावा. जरा पटापट हं, मावशी.”

तो आवाज...

मी वाकून पाहिलं. बाल्तासार होता.

माझं तोंड डोळ्यांपर्यंत मफलरमध्ये. पण उघडं असतं तरी त्याने काय ओळखलं असतं? ज्याने कधी पाहिलंच नाही तो काय ओळखणार!

माझे कान तापले. मी साखळ्या उचलल्या आणि गुडघ्यावर बसले.

आता नीट ऐका. ती गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. पुढचीच चाकं ओढतात, पुढचीच वळतात. साखळ्या पुढे लावायच्या. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. साखळ्या मागे लावल्या तर उतारावर स्टिअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही. सरळ जाते. आणि आमच्या घाटात सरळ म्हणजे दरी.

मी साखळ्या मागे लावल्या.

चुकून नाही. पूर्ण शुद्धीत लावल्या.

उठले, तेवढ्यात मागची काच खाली आली. आत एक म्हातारी होती, ब्लँकेटमध्ये गुरफटलेली. त्याची आई असणार. तिने कागदात गुंडाळलेली सोपाईपिया माझ्यापुढे धरली. भोपळ्याची, तळलेली, अजून गरम.

“घे गं पोरी. हात किती गारठलेत तुझे.”

मी घेतली.

घेतली, आणि वर तोंड करून म्हणाले, “जा, बिनधास्त.”

गाडी पांढऱ्यात दिसेनाशी झाली.

माझ्या शेजारी रोसामेल उभा असतो. सत्तरीचा आहे, पण अजून साखळ्या लावतो. तो शेगडीवर किटली ठेवत म्हणाला, “नोल्फा, त्या निळ्या गाडीच्या पुढच्या चाकांना साखळ्या दिसल्या नाहीत गं मला.”

“तुझे डोळे गेलेत, म्हाताऱ्या.”

“डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. काय केलंस?”

हातातली सोपाईपिया निवत चालली होती. घास तोंडापर्यंत न्यायचा प्रयत्न केला. नाही गेला.

ती म्हातारी... तिने माझं काय वाकडं केलं होतं?

मी कान दरीकडे लावले. एकतिसाव्या वळणाशी पोचायला दहा मिनिटं. तिथे दोन हॉर्न वाजले म्हणजे गाडी अजून रस्त्यावर आहे.

दहा मिनिटं झाली.

हॉर्न नाही.

बारा झाली...

मग वारा पडला. एकदम. किटलीचा आवाज थांबला. शेगडी पेटलेली होती, पाणी उकळत होतं, पण आवाज नाही.

आणि खालून आवाज आला...

खळ्... खळ्... खळ्...

साखळीचा. चाकावरून काढून बर्फावर टाकलेल्या साखळीचा. आयुष्य घालवलंय मी त्या आवाजात, मला तो झोपेतही कळतो.

मग बराच वेळ काही नाही.

मग...

धप. धप.

रोसामेलच्या हातातला कप पडला. त्याने छातीवर क्रूस काढला. “अगं, हे तर आपल्या क्लेतोचं...”

मी पुढचं ऐकलं नाही. पिकअपमध्ये बसले आणि खाली निघाले. देवाला, मेरीआईला, ज्याला त्याला हाका मारत होते. म्हातारीला काही झालं तर मी कोण होणार होते? मी बाल्तासारच होणार होते की!

एकोणचाळीस. अडतीस. सदतीस. रस्त्याच्या कडेला कुठे तुटलेलं काही दिसतंय का, पाहत होते.

एकतीस.

निळी गाडी उभी होती. तिचं नाक कठड्यापासून हातभर अंतरावर. आतली दोघंही जिवंत.

मी धावत गेले. आधी चाकं पाहिली.

मागची चाकं उघडी. साखळ्या पुढे होत्या. घट्ट, सरळ, एक कडी वाकडी नाही. आणि उरलेली टोकं...

लाल वायरने आवळलेली.

माझ्याकडे लाल वायर नसते. तो गेल्यापासून मी ती घेतलेलीच नाही.

पुढच्या चाकांशी बर्फात गुडघे टेकल्याच्या खुणा होत्या. दोन उजवीकडे, दोन डावीकडे. पावलं मात्र नव्हती. येणारी नाहीत, जाणारी नाहीत.

म्हातारीने काच खाली केली. “आलीस का गं पोरी? गाडी वळेचना बघ! तेवढ्यात तुमचा माणूस आला. काय गुणी आहे! पण तोंड फार घाणेरडं हो त्याचं. सगळा वेळ शिव्या घालत होता.”

“कुणाला?” मी विचारलं.

“तुलाच की. म्हणाला, आमची नोल्फी चिडली की तिला पुढचं-मागचं दिसत नाही, मनावर घेऊ नका.”

मी माझं नाव त्यांना सांगितलं नव्हतं. आणि नोल्फी मला जगात एकच माणूस म्हणायचा.

बाल्तासार बाहेर आला. “कसा दिसत होता तो?” मी विचारलं.

“तोंड नाही दिसलं. खाली वाकूनच होता.”

त्याही वेळी वाकूनच होता रे हरामखोरा!

त्याने खिशातून काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. “हे त्याचं राहिलं. त्याला द्याल का?”

पक्कड होती. मुठीला निळी पट्टी. पट्टीच्या घडीत माती.

मी मफलर खाली ओढला. त्याच्या पाठीमागच्या पत्र्याच्या घराकडे बोट केलं. “तूच दे. तिथे राहतो तो. सहा वर्षं झाली. तूच पाठवलंस त्याला तिथे.”

त्याने वळून पाटीवरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा. तो दाराला धरून उभा राहिला.

मला त्याला खूप काही सुनवायचं होतं. सहा वर्षांचं साठवलं होतं. पण मागच्या सीटवरून ती म्हातारी माझ्याकडे बघत होती, आणि साखळ्या मागे कुणी लावल्या ते मला माहीत होतं.

“गाडी पहिल्या गियरमध्ये ठेव,” मी म्हणाले. “ब्रेक दाबू नकोस. नीघ.”

जाताना त्याने हॉर्न दिला. एकदा. दुसरा त्याला जमला नाही.

या गोष्टीला आता तीन हिवाळे झाले. पक्कड माझ्या पेटाऱ्यात आहे. मोसमाचा पहिला बर्फ पडला की सकाळी ती ओली सापडते. रोसामेल म्हणतो, थडगं उघडून बघ, आतली आहे का. मी नाही उघडणार.

भीती वाटते म्हणून नाही. राग येतो म्हणून. इतकी वर्षं मी हाका मारल्या, तेव्हा आला नाहीस. आणि आलास तो कुणासाठी? ज्याने तुला मारलं त्याच्या चाकाशी गुडघे टेकायला?

रोसामेल म्हणतो, “तो त्याच्यासाठी नव्हता आला गं.”

मला कळतं ते. मी मूर्ख नाही.

पण मग एकदा समोर ये की, क्लेतो. शिव्या तरी माझ्या तोंडावर घाल.

काल पहिला बर्फ पडला. आज सकाळी पेटारा उघडला. पक्कड ओली होती... आणि तिच्या खाली हातभर लाल वायर होती.

कुणाला लागणार आहे ती, मला माहीत नाही. आज मी प्रत्येक गाडीची चाकं दोनदा बघितली.