बरा झालेला पाय

क्लासचा जिना नुकताच पुसला होता आणि इंग्रजीच्या मॅडम नेहमीप्रमाणे घाईत होत्या. घसरल्या त्या थेट नव्या विद्यार्थ्याच्या पुढ्यात.

"हलू नका," मॅडमचा पाय हलकेच धरत तो म्हणाला. "मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"आणि मी... मी एरवी अशी पडत नाही हो!"

डावा घोटा चांगलाच मुरगळला होता. तेव्हापासून क्लास सुटला की तो तिला हाताचा आधार देऊन जिना उतरवी, कोपऱ्यावरच्या घरापर्यंत सोडी. वाटेत मोडक्यातोडक्या इंग्रजीत पेशंटांच्या गमती सांगे आणि ती हसून हसून बेजार होई. मग ती कुलूप उघडून आत जाई... आणि घर खायला उठे. आई गेल्यापासून ती शेजारच्या खोलीतला टीव्ही चालू ठेवून एकटीच जेवायची. तेवढाच घरात कुणाचा तरी आवाज.

म्हणूनच पाय बरा झाला तेव्हा ती धास्तावली. आधार संपला की सोबतही संपणार! मग मॅडमनी सरळ सोंग घेतलं. मनातून लाज वाटायची, पण जिना आला की पाय आपोआप लंगडायचा.

एक दिवस वर्गात शब्द आला, कम्पॅशन.

"नुसती दया नव्हे," तिने समजावलं. "दया लांबूनही करता येते. दुसऱ्याचं दुखणं बघून आपण त्याच्याजवळ जातो, त्याच्यासाठी काहीतरी करायला धडपडतो, ते कम्पॅशन. आणि ज्याच्याबद्दल वाटतं, त्याच्याआधी 'फॉर' येतं. करा बघू वाक्य."

तो उभा राहिला. "माय टीचर हॅज कम्पॅशन फॉर मी."

वर्ग खिदळला. तिचे कान तापले.

जिन्यात तिने विचारलंच, "उलटं नाही का झालं? आधार तर तुम्ही देता."

"मॅडम... कालपासून तुम्ही उजव्या पायाने लंगडताय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाय कधीच बरा झालाय, चालण्यावरून कळतं मला," तो खाली बघत म्हणाला. "पण या गावात मी नवीन, मला बोलायला कुणी नाही, हे तुम्ही ओळखलंत. म्हणून माझ्यासाठी हळू चालता... हो ना?"

वेड्याला खरंच तसं वाटत होतं! नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तिची अब्रू वाचली असती. पण पुन्हा तो टीव्ही, ते एकटीचं ताट...

"तुमचं वाक्य चुकलंय," ती म्हणाली.

"का? 'फॉर' घातलं की!"

"'फॉर' बरोबर आहे." ती पायरीवरच थांबली. "कम्पॅशन काढा. तिथे... दुसरा शब्द हवा."

मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"तो तुम्ही अजून शिकवला नाहीत," तो म्हणाला. "पण मला येतो."

दोन्ही पाय नीट टेकवत ती जिना उतरली. त्याचा हात मात्र तिने सोडला नाही.